एक्सएल म्हणून विकलेला २६ इंच कंबरेचा ड्रेस

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(तुमच्या वेबसाइटवर या पदापुढे नाव दिलेलं नाही, नुसता ई-मेल आहे. त्यामुळे बिननावानेच लिहिते आहे.)

विषय : तुमच्या वेबसाइटवरून घेतलेल्या जुन्या (विंटेज) ड्रेसचं माप चुकीचं छापल्याबद्दल आणि परतावा नाकारल्याबद्दल तक्रार.

महोदय / महोदया,

सांगलीत विश्रामबागला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-बिडिंग हे रोजचं काम. त्याशिवाय नाटकवाल्यांचे कपडेही माझ्याकडे येतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाची सुरुवात याच गावात केली, त्यामुळे इथे दर गल्लीत एक हौशी नट आणि त्याच्या मागे कपड्यांसाठी धावणारं कुणीतरी असतंच. ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या आधी तर मशीन थंड होत नाही. यंदा माझ्या भाचीच्या एकांकिकेत तिला १९५५ च्या सुमाराची, मुंबईच्या ऑफिसात टायपिस्ट असलेली मुलगी करायची होती. नवीन शिवण्यापेक्षा त्या काळातला खराच ड्रेस मिळाला तर बघू, या विचाराने तुमच्याकडून निळ्या ठिपक्यांचा, मोठ्या घेराचा सुती ड्रेस मागवला. किंमत ६,४५० रुपये, कुरिअर वेगळं. बिल सोबत जोडलं आहे.

तुमच्या पानावर त्या ड्रेसपुढे लिहिलं होतं : ‘अमेरिकन, १९५० चं दशक, लेबल साइज १४, म्हणजे आजचा एक्सएल’. खाली मापांचा तक्ता : छाती ४०, कंबर ३४. भाचीची छाती ३७, कंबर ३१. अंगावर थोडा सैल येईल, मी आत घेईन, असा साधा हिशेब होता.

ड्रेस आला. टेबलावर पसरून टेप लावली. छाती ३५. कंबर २६. पुन्हा लावली, कारण टेपवरचा माझा विश्वास तुमच्या तक्त्यापेक्षा थोडाच जास्त आहे. तेवढंच भरलं. तरी भाचीची हौस म्हणून तिला घालून पाहिला. डोक्यावरून कसाबसा खाली आला, घेर छान पडला, सीटला काही अडचण नव्हती. डाव्या काखेखाली धातूची चेन आहे, ती वर ओढायला घेतली तर कंबरेच्या शिवणीच्या खालीच थांबली. दोन्ही काठांमध्ये माझी चार बोटं आडवी बसत होती. चेन तशीच ठेवून तिला हात पुढे करायला सांगितलं, तर पाठीवर कापड ताणून मागच्या शिवणीत टाके दिसायला लागले. लगेच उतरवून घेतला.

त्याच दिवशी तुम्हाला फोटोसह मेल केला. तुमचं उत्तर जपून ठेवलं आहे. त्याचा मथितार्थ असा : विंटेज ड्रेस त्या काळच्या बायकांच्या फिगरसाठी शिवलेले असतात, आजच्या स्त्रियांची शरीरयष्टी वेगळी, यात ड्रेसचा दोष नाही, शेपवेअर घालून पाहा, विंटेज मालाला रिटर्न नाही.

यातली पहिली दोन वाक्यं अगदी बरोबर आहेत. म्हणूनच माझी तक्रार आहे. हे जर तुम्हाला ठाऊक होतं, तर पानावर ‘आजचा एक्सएल’ कुणी छापलं?

ही चूक कशी झाली हे मी सांगू शकते, कारण असले कपडे उसवून बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमच्याकडे कुणीतरी लेबलवरचा १४ पाहिला आणि आजच्या अमेरिकी तक्त्यातला १४ शोधून त्यापुढचं अक्षर उतरवून काढलं. पण तो १४ आणि हा १४ एक नव्हेत. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारी खर्चाने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली होती, प्रत्येकीची पन्नासाहून जास्त. त्यावर पुढे १९५८ साली साइजचं प्रमाण ठरवलं गेलं. त्या प्रमाणात ८ नंबर म्हणजे छाती ३१ आणि कंबर साडेतेवीस. आज तिथल्या दुकानातला ८ नंबर घ्या, कंबर त्याहून पाच-सहा इंच मोठी निघते. मधल्या काळात अंगंही वाढली आणि गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कंपन्यांनी आकडे खालीही ओढले. १९८३ मध्ये ते प्रमाणच मागे घेतलं. त्यानंतर प्रत्येक कंपनीचा १४ आपापला. आणि तो ड्रेस तर प्रमाण छापून येण्याच्याही आधीचा असेल, म्हणजे शिवणाऱ्या कारखान्याच्या मर्जीचा १४. अशा आकड्यावरून सांगलीतल्या मुलीची कंबर ठरवायची, याला आमच्याकडे मापात पाप म्हणतात.

बरं, त्या १५,००० बायकांच्या हिशेबात गोऱ्या बायकांचीच मापं धरली होती. आपल्याकडच्या बांध्याचा तिथे संबंधच नाही. आपल्या देशाचा स्वतःचा साइज तक्ता असावा म्हणून निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने सहा शहरांत पंचवीस हजार माणसांची मापं घ्यायचा प्रकल्प हाती घेतला, तोही अलीकडेच. तेव्हा अक्षरांवर आणि नंबरांवर धंदा करायचाच असेल तर निदान जुन्या कपड्यांत तरी करू नका.

आता शेपवेअरबद्दल. तुमच्या मेलमधली ही ओळ मला सगळ्यात जास्त लागली. भाचीने ती वाचून आरशासमोर पोट आत ओढून पाहिलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. विशीतली मुलगी, कॉलेजच्या टीममध्ये व्हॉलीबॉल खेळते, खांदे आणि पाठ भरलेली आहे, आणि तिला तुम्ही सांगता की अंग आवळ.

ते ड्रेस ज्या बायका घालायच्या त्यांची कंबर जन्मतः सव्वीस इंच नव्हती. १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये क्रिस्तियन दिओरने बारीक कंबर आणि भल्यामोठ्या घेराची फॅशन दाखवली, ती पुढे दहा-बारा वर्षं टिकली. त्या कंबरेसाठी आत रबरी कापडाचा गर्डल असायचा, कुठे कुठे ताठ पट्ट्या घातलेला कंबरपट्टाही. ब्रेसियर टोकदार, छाती वर उचलून धरणारी. शिवणारे त्या आवळलेल्या अंगावर माप घेत. म्हणून या ड्रेसचे टक्स, म्हणजे छातीच्या उभारासाठी शिवलेल्या चुण्या बघा, टोक किती वर संपतं. आजची साधी ब्रा घालून हा ड्रेस चढवला, तर छातीचा उभार टक्सच्या टोकाच्या खाली येतो आणि वर रिकामं कापड फुगून उभं राहतं. कंबरेची शिवणही अंगाच्या खऱ्या कंबरेवर, म्हणजे बेंबीच्या वर. जीन्सच्या सवयीने आजच्या मुली कंबर म्हणून जिथे बोट ठेवतात, त्याच्या बऱ्याच वर.

पण कंबर ही त्यातली सोपी गोष्ट. कंबर आवळता येते, पोट आत घेता येतं. पाठ आवळता येत नाही. या ड्रेसची पाठ, दोन मुंढ्यांच्या (बाही जोडतात त्या जागांच्या) मधली, साडेतेरा इंच आहे. भाचीची पंधरा. मुंढा इतका वर कापलेला की काखेत काचतो. हात वर केला तरी ड्रेस वर जात नाही, हे त्या कापण्यातलं कौशल्य आहे आणि ते मी मनापासून मानते. मात्र बाहीचा घेर असा बेतलेला की दंड भरलेला असेल तर हात कोपरातच अडकतो. शेपवेअर पाठीला आणि दंडाला लावतात का, हे तुमच्या ग्राहक सेवेतल्या ताईंना विचारून कळवा. शिवाय कापड शंभर टक्के सुती. लायक्राचा शोधच १९५८ चा, तो कपड्यांत रुळायला आणखी वर्षं गेली. आजच्या मुलींना ताणणाऱ्या कापडाची इतकी सवय झाली आहे की इंच-दीड इंच कमी पडलं तरी कपडा बसतो. इथे कापड हटून बसतं. अंगापेक्षा छातीत किमान दोन इंच लूजिंग नसेल तर बसून टायपिंग करणं सोडाच, श्वास घेता येत नाही.

‘उसवून मोठा करून घ्या’ असंही तुमच्या एका माणसाने फोनवर सुचवलं. आपल्याकडचा टेलर ब्लाउजच्या आत दोन बोटं माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवतो. बाळंतपणानंतर, वय वाढल्यावर, बाई तोच ब्लाउज उसवून पुन्हा घालते. माझ्या आईचे ब्लाउज तसेच मला झाले. तुमच्या ड्रेसच्या शिवणीत माया किती आहे? दोन सूत. पाव इंच. कारखान्यात कापड वाचवायला असंच शिवतात. घरी शिवलेल्या जुन्या ड्रेसात कधी कधी इंचभर माया सापडते, हा तसा नाही. आणि माया असती तरी इतक्या वर्षांच्या कापडावर जुन्या टाक्यांची भोकं राहतात, काखेतलं कापड घामाने पिवळं पडून कागदासारखं झालेलं आहे. मी त्याला कात्री लावणार नाही. तो ड्रेस ज्या अंगाला बसेल तिथे जाऊ दे.

असं अंग आज नाहीच असं माझं म्हणणं नाही. शेजारच्या इमारतीत एक सडपातळ मुलगी आहे, तिला तो बहुतेक बसेल. जुन्यांत लहान मापंच जास्त मिळतात त्याचंही कारण आहे. मोठ्या मापाचा ड्रेस लोक वापरून झिजवतात, नाही तर उसवून पोरांचे कपडे करतात. लहान माप कुणालाच होत नाही, म्हणून पेटीत टिकतं. तुमच्या गोदामात असाच माल जास्त येणार. त्याला एक्सएलचं लेबल लावून तो मोठा होत नाही.

आणखी एक गोष्ट. तुमच्या पानावर या ड्रेसचे फोटो पुढून, मागून आणि उजव्या बाजूने आहेत. डावी बाजू कुठेच नाही. चेन डाव्या बाजूला आहे. तुमचा पुतळा आजच्या मापाचा दिसतो. चेन उघडी ठेवून फोटो काढला असावा, हा माझा अंदाज. तसं नसेल तर डाव्या बाजूचा, चेन पूर्ण लावलेला फोटो त्याच पुतळ्यावर काढून मला पाठवा.

एकांकिका झाली. कापड पेठेतून ठिपक्यांचं कॉटन आणलं आणि तुमचा ड्रेस समोर टांगून नवा बेतला : घेर तोच, मानेचा आकार तोच, कंबरेची शिवण तशीच वर. पाठीत दीड इंच वाढवला, टक्सचं टोक इंचभर खाली आणलं, मुंढा थोडा सैल केला, बाजूला नेहमीची नायलॉनची चेन आणि आत भरपूर माया. दुसऱ्या रांगेतून कुणालाही तो १९५५ चाच वाटला. त्या कापडाचा आणि माझ्या शिलाईचा एक पैसाही मी तुमच्याकडे मागत नाही.

मागते आहे ते एवढंच. ड्रेसचे ६,४५० रुपये आणि कुरिअरचा खर्च परत करा, ड्रेस स्वखर्चाने घेऊन जा. ‘विंटेजला रिटर्न नाही’ ही अट मी ऑर्डर देताना वाचली होती आणि माल वर्णनाप्रमाणे असता तर ती पाळलीही असती. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितलेल्या गुणांशी न जुळणारा माल विक्रेत्याला परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्त्यातली ३४ कंबर प्रत्यक्षात २६ असणं यात बसतं, याबद्दल शंका नसावी. त्याच नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणंही त्यातच आहे. २०१९ च्या कायद्यामुळे मला तुमच्या शहरात यावं लागणार नाही. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देता येते आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फीही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारून ठेवलं आहे.

दुसरं, पैशांशी संबंध नसलेलं. पानावरून एम, एल, एक्सएल काढून टाका. ड्रेस टेबलावर सपाट पसरून घेतलेली मापं द्या : छाती, कंबर, सीट, पाठीची रुंदी, खांद्यापासून कंबरेपर्यंतची लांबी, मुंढा, दंडाचा घेर, आणि शिवणीत माया किती आहे ते. चेन कुठल्या बाजूला आणि किती इंचांची, तेही. एका ड्रेसला टेप लावायला पाच मिनिटं लागतात. ही मापं असती तर मी ऑर्डर दिलीच नसती, आणि शेजारच्या त्या मुलीला मीच तुमचं पान दाखवलं असतं.

ड्रेस तुमच्याच खोक्यात, टॅगसकट, नॅप्थालीनच्या गोळ्या न टाकता ठेवला आहे. माझ्या टेपसह काढलेले मापांचे फोटो, बिल आणि तुमचं उत्तर या पत्राला जोडलं आहे. कुरिअरचा माणूस पाठवाल तेव्हा दुपारी दीड ते चार सोडून पाठवा, तेव्हा दुकान बंद असतं. सोमवारी सुट्टी.

आपली ग्राहक,
(सही)
विश्रामबाग, सांगली