कोडिंग शिकवताना अंध विद्यार्थ्यांची साधनेही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगची ओळख करून देण्याचे म्हटले आहे आणि महाविद्यालयांत तर संगणकशास्त्राबाहेरचे विद्यार्थीही आता पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना दिसतात. या उत्साहात अंध विद्यार्थी कोणत्या साधनांनी शिकणार, हे मात्र कोणी विचारत नाही. मी स्वतः दृष्टिहीन असून प्रोग्रॅमिंग हाच माझा व्यवसाय आहे. जावा या दुसऱ्या भाषेत काम करता करता पायथन शिकण्याची वेळ आली, तेव्हा भाषेपेक्षा साधनांनीच माझी अधिक परीक्षा घेतली, म्हणून हे पत्र.

जावामध्ये कोणती ओळ कोणत्या गटात मोडते हे महिरपी कंसांवरून कळते आणि कंस हे चिन्ह असल्याने ते वाचून घेऊन ऐकता येते. पायथनमध्ये हेच काम ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेवर, म्हणजे इंडेंटेशनवर, सोपवलेले आहे. डोळस विद्यार्थ्याला ही रचना एका नजरेत कळते, पण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, ती जागा आपण होऊन सांगत नाही. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मूळ मांडणीत इंडेंटेशनबद्दल मौन पाळतो आणि अपूर्णविराम, अवतरणचिन्हे, कंस यांपैकी बरेचसे गाळून वाचतो. असा प्रोग्रॅम ऐकणे म्हणजे काना-मात्रा वगळून वाचलेले मराठी ऐकण्यासारखे आहे. वास्तविक यावरचा उपाय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. इंडेंटेशन बोलून किंवा स्वराच्या चढ-उताराने कळवण्याची सोय सेटिंगमध्ये चालू करता येते, विरामचिन्हांची पातळी वाढवता येते, आणि हे सारे पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या प्रतीतही करता येते. नवख्या विद्यार्थ्याला हे सांगणारे वर्गात कोणी नसते, एवढीच खरी अडचण आहे. मग ‘याला पायथन जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

एडिटरची, म्हणजे ज्यात प्रोग्रॅम लिहितात त्या सॉफ्टवेअरचीही तीच गोष्ट. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरमध्ये चुकीखाली लाल नागमोडी रेघ उमटते आणि शिक्षक ‘ती लाल रेघ बघा’ म्हणून पुढे सरकतात. एफ-८ दाबले की कर्सर थेट त्या चुकीवर जातो आणि ती वाचली जाते, हे त्यांनाही ठाऊक नसते. चूक असलेल्या ओळीवर येताच ध्वनिसंकेत देण्याची सोयही तिथे आहे. नोट्समधला प्रोग्रॅम जर पडद्याचे छायाचित्र काढून पाठवलेला असेल, तर मात्र कोणतेही सॉफ्टवेअर फारशी मदत करू शकत नाही. तोच मजकूर साध्या फाइलमध्ये पाठवायला शिक्षकांना एक मिनिटही लागत नाही.

शाळांत कोडिंगची सुरुवात बहुधा स्क्रॅचने होते. माउसने रंगीत ठोकळे ओढून जोडण्याची ही पद्धत अंध मुलाला पहिल्याच तासाला वर्गाबाहेर ठेवते. हाताने चाचपून जोडायच्या भागांतून प्रोग्रॅम रचण्याचे ‘कोड जंपर’सारखे साधन जगात उपलब्ध आहे, ते परवडत नसेल, तर साध्या मजकुरात लिहायची भाषा सुरुवातीपासून शिकवावी. अंध मुलाला ती अवघड जाईल असे मला वाटत नाही.

हे सारे कानांनी करता येते, याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. डॉ. टी. व्ही. रामन मूळचे पुण्याचे. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढे मुंबईच्या आयआयटीतून संगणकशास्त्र शिकून त्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९४ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि १९९५ मध्ये ‘इमॅकस्पीक’ हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. त्यात प्रोग्रॅममध्ये माणसांसाठी लिहिलेली टिप्पणी एका आवाजात आणि भाषेतील राखीव शब्द दुसऱ्या आवाजात ऐकवण्याची योजना आहे. डोळस लोक रंगांवरून जे ओळखतात ते इथे आवाजावरून ओळखायचे. ही कल्पना तीस वर्षांची झाली, तरी आपल्या प्रशिक्षणवर्गांच्या दारापर्यंत ती पोहोचलेली नाही.

सर्वांत जाचक प्रकार परीक्षेचा. एका नोकरीसाठी मी दिलेल्या ऑनलाइन चाचणीत सुरक्षेच्या नावाखाली इतर सर्व सॉफ्टवेअर बंद केले जात होते. त्यात माझा स्क्रीन रीडरही बंद झाला. दुसऱ्या एका चाचणीत उत्तराच्या चौकटीत शिरल्यावर टॅब दाबली की पुढे सरकण्याऐवजी नुसती जागा सुटत होती, बाहेर पडायला माउसशिवाय मार्ग नव्हता आणि घड्याळ चालूच होते. अशा वेळी लेखनिक देऊ केला जातो. इतिहासाच्या पेपरला लेखनिक ठीक आहे, पण प्रोग्रॅम लिहिताना मागे-पुढे जाऊन ओळी तपासणे हेच मुख्य काम असते आणि ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी होत नाही.

दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. तेव्हा विद्यापीठांनी आणि राज्याच्या शिक्षण विभागांनी कोणतीही शिकवणी किंवा परीक्षेची प्रणाली विकत घेण्याआधी ती माउसला हात न लावता, पडदा बंद ठेवून, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडून चालवून घ्यावी आणि ही अट निविदेतच घालावी. परीक्षेच्या किमान आठवडाभर आधी सरावासाठी तीच प्रणाली अंध विद्यार्थ्यांना खुली करून द्यावी, एवढी विनंती.

आपला,
एक दृष्टिहीन प्रोग्रॅमर, पुणे