नेटवर्कवरून लिनक्स अडले, तर रॅम बदलू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ची नियमित अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे आपल्या इंदुरातल्या शाळा-वाचनालयांतले बरेच संगणक अडगळीत निघाले आहेत. त्यांवर लिनक्स घालण्याचा विचार उत्तमच. पण खोलीभर संगणकांवर एनएफएसने, म्हणजे एकाच सर्व्हरच्या सामायिक फोल्डरातून, इन्स्टॉल करताना गाडी मध्येच अडली की खापर जुन्या मशीनवर फुटते आणि आर.एन.टी. मार्गावरून नवी रॅम मागवली जाते. कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू होऊन इन्स्टॉलर पडद्यावर आला असेल, तर मशीनवर संशय घेण्याआधी सर्व्हर तपासावा.

सर्वांत फसवा प्रकार रिकाम्या फोल्डरचा. आयएसओ फाइल (इन्स्टॉल-डिस्कची प्रत) सर्व्हरवर लूप-माउंट केलेली, म्हणजे डिस्कसारखी एका फोल्डरात उघडलेली असते आणि त्याच्या वरचे फोल्डर एक्सपोर्ट केलेले, म्हणजे नेटवर्कवर खुले केलेले असते. सर्व्हरवर फाइली दिसतात, पण क्लायंटला, म्हणजे इन्स्टॉल होणाऱ्या संगणकाला, आत काहीच मिळत नाही, कारण एनएफएस आपणहून दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे आत माउंट केलेल्या डिस्कमध्ये, उतरत नाही. उबुंटू, मिंट ही लिनक्सची रूपे अशा वेळी ‘लाइव्ह फाइल सिस्टिम असलेले माध्यम सापडत नाही’ असे सांगतात आणि लोक आयएसओ पुन्हा डाउनलोड करत बसतात. सर्व्हरच्या /etc/exports फाइलीतल्या त्या फोल्डरच्या ओळीत ‘क्रॉसमाउंट’ (crossmnt) पर्याय द्यावा किंवा माउंट केलेली जागाच स्वतंत्र एक्सपोर्ट करावी.

त्याच ओळीत नेटवर्कचा पत्ता आणि कंस यांत जागा सुटली, तर कंसातले पर्याय आपल्या नेटवर्कऐवजी साऱ्या जगाला लागू होतात. तिथे लिहिण्याची मुभा दिलेली असेल, तर धोकाच. ही फाइल बदलल्यावर ती नव्याने लागू करणारी ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ (exportfs -ra) ही आज्ञा चालवायला विसरू नये.

नुसते ‘टाइमआउट’ येत असेल, तर फायरवॉल बघा. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला २०४९ हे एकच पोर्ट (फायरवॉलमधला क्रमांकाचा दरवाजा) पुरते. तिसरीला १११ आणि माउंटडीचेही (माउंटची विनंती घेणाऱ्या सेवेचे) लागते. लिनक्सच्या रेडहॅट घराण्यात माउंटडीचे पोर्ट २०४८० नव्हे, २००४८ (ही अदलाबदल फार होते). डेबियनवर ते दर वेळी बदलू शकते, म्हणून एनएफएसच्या कॉन्फिग फाइलीत पक्के करून टाकावे. उबुंटूच्या लाइव्ह बूटमधले (डिस्कवर न घालता थेट सुरू होण्यातले) छोटे माउंट-साधन बहुधा तिसरीच आवृत्ती बोलते, त्यामुळे सर्व्हरवर ‘फक्त चौथी’ ठेवून चालत नाही.

कार्यालयांतून उतरलेले मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारे) नेटवर्क स्विच वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावे. कर्नल नेटवर्क कार्ड नव्याने चालू करतो तेव्हा लिंक क्षणभर तुटते आणि जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधली वर्तुळे टाळणाऱ्या स्विचच्या सोयीत) स्विचवरचे ते पोर्ट, म्हणजे केबलची जागा, पुढची ३० सेकंद बंद राहते. तोवर इन्स्टॉलर आयपी मागून थकतो. पीएक्सईला (नेटवर्कवरून बूट करणाऱ्या सोयीला) पत्ता मिळाला, पुढे मिळाला नाही, असे झाले तर हेच समजा. स्विचवर क्लायंटच्या पोर्टांना ‘पोर्टफास्ट’ (ही वाट न पाहण्याचे सेटिंग) लावा. साध्या आठ पोर्टांच्या स्विचला हा त्रास नाही.

हे सारे सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या लिनक्स संगणकावरून ‘शोमाउंट -ई’ (showmount -e) या आज्ञेने खुल्या फोल्डरांची यादी बघून फोल्डर हाताने माउंट करावे आणि आतल्या फाइली उघडून पाहाव्यात. नुसती यादी दिसणे पुरेसे नाही. फाइल फक्त रूटला (मुख्य प्रशासकाला) वाचता येत असेल, तर रूट-स्क्वॅश या एनएफएसच्या सुरक्षा-नियमामुळे क्लायंटचा रूट तिथे परका ठरतो आणि ‘परमिशन डिनाइड’ येते. आणि खोलीत इन्स्टॉलेशन चालू असताना सर्व्हरवरची आयएसओ कोणी बदलू नये. अर्ध्यावरची सगळी मशीन ‘स्टेल फाइल हँडल’ (उघडलेली फाइल आता तिथे नाही) म्हणून एकदम थांबतात.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर