चि. बाळास पत्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल तू “बाबा, पुरे आता” म्हणून फोन ठेवलास. आई माझ्यावरच चिडली. पोरगा रिॲक्टर चालवायचं लायसन्स मिळाल्याचं सांगत होता आणि तुम्ही झोपेचं काय घेऊन बसलात, म्हणाली. म्हणून लिहितोय. झोपेचा विषय काढणार नाही.

कैग्याच्या अणुवीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये आता तू पॅनेलवर बसणार! तिथलं पहिलं युनिट 962 दिवस न थांबता चाललं, ते 2018चं कात्रण अजून माझ्या पाकिटात आहे. भाऊ रेडिएशनचं विचारत होते. त्यांना रेडिएशन मोजणाऱ्या बॅजचं सांगितलं, ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन अंगात गेला का ते बघायला लघवी तपासतात तेही सांगितलं. त्याची मला भीती नाही.

पण उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्राचं तूच सांगितलं होतंस. 31 मार्च 1993. टर्बाइनची पाती तुटली, आग लागली, वीज गेली, कंट्रोल रूम धुरानं भरली. रिॲक्टर तर ऑपरेटरनं पहिल्याच मिनिटात बंद केला होता. तरी तो पुन्हा पेटू नये म्हणून माणसं टॉर्च घेऊन वर चढली, हातानं झडपा उघडून त्यात बोरॉन सोडलं. केवढी छाती त्यांची! माझ्या मनात मात्र वेळ राहिली. पहाटेचे साडेतीन.

ती वेळ मी रातराणीवर फोंडा घाटात पाहिलीय. डोळे उघडे असतात आणि समोरचं वळण दिसत नाही. मी गाडी बाजूला घेऊन तोंडावर पाणी मारायचो. तुझी भट्टी बंद केली तरी आतून तापत राहते, पाणी फिरवावंच लागतं. तेव्हा रात्रपाळीआधी दुपारी झोप. खिडकीला जाड पडदा लाव. क्रिकेटला बोलावलं तरी जाऊ नकोस. पाळी उलटली की पहिल्या रात्री जास्त जप.

बघ, काढलाच विषय. रागावू नकोस. तिथे तू एकटा नसतोस, सगळं लिहून ठेवलेलं असतं, हे कळतं मला. लहानपणी बॉनेटवर बसून घाटातली वळणं मोजायचास, कणकवली येईपर्यंत एक डुलकी नाही. कंडक्टर म्हणायचे, हा बापाला जागं ठेवतो. खरंच ठेवायचास.

आईनं लायसन्सची बातमी अख्ख्या वाडीत सांगितलीय. चतुर्थीला ये, पण रात्रपाळी उतरून तशीच मोटारसायकल काढू नकोस. आधी झोप, मग कारवारहून रेल्वेनं ये. गाडी कितीही लेट असो, कणकवलीला मी घ्यायला येतो.

तुझा,
बाबा