गोधडीची साक्षही नोंदवली जावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बचत गटांच्या प्रदर्शनांत मराठवाड्यातील गोधडी आता सर्रास दिसते आणि तिचे कौतुकही होते. मात्र ती शिवणाऱ्या बायांना त्याच सुई-दोऱ्याने आपल्यावरील अन्याय मांडायचा असेल, तर त्यासाठी आपल्याकडे जागा नाही, ही बाब मला फार खटकते.

चिलीमध्ये १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावल्यावर ज्यांची मुले, नवरे, भाऊ पकडून नेले गेले आणि पुन्हा दिसलेच नाहीत, अशा सांतियागोतील स्त्रियांनी चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून गोणपाटावर चिंध्या जोडून चित्रे शिवली; ‘आर्पियेरा’ म्हणून ओळखली जाणारी ही चित्रे देशाबाहेर पोहोचली आणि चिलीतल्या वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हते, ते जगाला कळले. अमेरिकेतही १९८७ साली एड्सने दगावलेल्यांच्या आप्तेष्टांनी शिवलेले गोधडीचे १,९२० तुकडे राजधानीत अंथरले गेले होते.

आपल्याकडे सांगण्यासारखे थोडे का आहे? ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरला जातो, उचल (आगाऊ रक्कम) बहुधा पुरुषाच्या हाती पडते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहणाऱ्या या बायांपैकी कित्येकींनी ऐन तिशीत गर्भपिशवी काढून टाकली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. आकडा नोंदला गेला. बायांचे म्हणणे त्यांच्या स्वतःच्या हातून मात्र कुठेच उमटले नाही.

म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने पुढाकार घ्यावा आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर गावी परतलेल्या बायांकडून, गावोगावचे तुकडे जोडून, एक मोठी सामूहिक गोधडी सिद्ध व्हावी. या कामाची रोजची मजुरी त्यांना मिळालीच पाहिजे. न्यायाच्या नावाखाली त्यांच्याकडून फुकट काम करून घेणे मला तरी मान्य नाही. काय शिवायचे, नाव घालायचे की नाही, हे त्यांनीच ठरवावे आणि गोधडीची मालकीही त्यांचीच राहावी.

१० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, या बाया उसाच्या फडात असतात. त्यामुळे गोधडीचे पहिले प्रदर्शन १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वी आणि त्यांच्याच तालुक्याच्या ठिकाणी भरवावे.

आपला,
एक वाचक, माजलगाव (जि. बीड)