नवशिक्यांना घेऊन वाळवंटात जाताना

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की नागपुरातील सायकल मंडळांमध्ये हिवाळी मोहिमांचे बेत सुरू होतात आणि अलीकडे त्यांत राजस्थानच्या थर वाळवंटाचे नाव वारंवार ऐकू येते. मंडळातील दोन-तीन मुरलेले सायकलपटू मार्ग आखतात आणि अंबाझरीचा रस्ता व सेमिनरी हिल्सचा चढ यांपलीकडे ज्यांनी सायकल कधी नेलेली नाही, असे त्यांचे मित्र, मेहुणे आणि कार्यालयातील सहकारी उत्साहाने नावे नोंदवतात. या उत्साहाला माझा विरोध नाही. मात्र अशा सहलीचा मार्ग, गटातील सर्वांत कच्चा सायकलस्वार दुपारच्या आत स्वतःच्या पायांवर मुक्कामी परतू शकेल, या एकाच हिशेबाने आखला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे आणि सध्या तसे होताना दिसत नाही.

गैरसमजाची सुरुवात बहुधा मोबाइलवरील चित्रफितींपासून होते. अमेरिकेतील युटा राज्यातल्या मोआब गावाजवळच्या लाल खडकांवरून सायकली सुसाट उतरताना दिसतात आणि वाळवंटात माउंटन बाइक चालवणे म्हणजे हेच, असे वाटू लागते. तेथील प्रसिद्ध ‘स्लिकरॉक’ वाट 1969 मध्ये मोटारसायकलींसाठी आखली गेली होती. ती जेमतेम 16 किलोमीटरची असली तरी कसलेल्यांचाही घाम काढणारी मानली जाते. तिच्यावर दिशादर्शक रेघा रंगवलेल्या आहेत, आणि नवख्यांसाठी त्या परिसरात वेगळ्या, सोप्या वाटा आहेत. काठिण्यानुसार हिरव्या, निळ्या व काळ्या खुणांनी वाटांची वर्गवारी करण्याची तिकडे रीत आहे. आपल्याकडे थरमध्ये अशी कोणतीही खूण भेटत नाही. तेव्हा ती वर्गवारी नेणाऱ्यानेच आधी जाऊन करायला हवी.

जैसलमेरच्या आसपासची भूमी एकसारखी नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. वाळूच्या टेकड्या पाहायच्या तर शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवरील सम किंवा दक्षिणेकडील खुडी येथे जावे लागते. शहराजवळचा बराचसा प्रदेश पिवळ्या वालुकाश्माचा, मुरमाड आणि टणक आहे. नवशिक्याला आनंद मिळतो तो या दुसऱ्या भूमीवर. सैल वाळूत साधी माउंटन बाइक रुतते, वेग चालण्याइतका उरतो, आणि शहरातील रस्त्यावर दोन तासांत होणाऱ्या अंतराला अख्खा दिवस पुरत नाही. चार इंच रुंद टायरची सायकल हाताशी नसेल तर टेकड्या पायी पाहाव्यात, सायकल बाजूला उभी करावी. छायाचित्र तसेही चांगले येते.

म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी लांबलचक रेघ नकाशावर ओढण्यापेक्षा एकाच मुक्कामाभोवती लहान लहान फेऱ्या ठेवाव्यात. फुलाच्या पाकळ्या जशा देठाशी येऊन मिळतात, तशी प्रत्येक फेरी मुक्कामी येऊन संपली, तर थकलेल्या माणसाला कोणाचाही दिवस न बिघडवता तेथेच थांबता येते. लांब रेघेवर अर्धे अंतर ओलांडल्यावर पुढे जाणे आणि मागे फिरणे सारखेच अवघड होऊन बसते, आणि नवखा माणूस संकोचामुळे तोवर काही बोलत नाही. तो बोलणार नाही, हे गृहीत धरूनच आखणी करावी.

वेळेच्या बाबतीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. नागपूर आणि जैसलमेर यांच्या रेखांशांत सुमारे आठ अंशांचे अंतर आहे, परंतु घड्याळ दोन्हीकडे एकच. डिसेंबरच्या उत्तरार्धात नागपुरात पावणेसातच्या सुमारास उजाडते, तर जैसलमेरला सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो. नागपूरच्या सवयीने सकाळी सहाला निघण्याचा कार्यक्रम छापला, तर कडाक्याच्या थंडीत, मिट्ट काळोखात, अनोळखी मुरमावर नवशिके सायकल चालवत असतील. आठला निघून बाराच्या आत परतावे.

पाण्याबद्दल आपण नागपूरकर जरा फाजील आत्मविश्वास बाळगतो. मे महिन्यातील 45 अंश सोसलेल्या माणसाला राजस्थानचा हिवाळा म्हणजे काहीच वाटत नाही. पण हवा कोरडी असली की घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो आणि थंडीमुळे तहानही लागत नाही, त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत असल्याचे कळायला उशीर होतो. प्रत्येकाने ताशी किमान अर्धा लिटर धरून पाणी सोबत घ्यावे आणि निम्मे संपताच, कोठेही असलो तरी, परत फिरावे. नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नाही. एक लिटर पाण्यात विरघळवायची ओआरएसची पाकिटे जवळ असावीत, गोड पेयांचे खोके नकोत. वाटेतील ढाण्यांवर, म्हणजे चार-दोन घरांच्या वस्त्यांवर, मागितल्यास पाणी मिळेलही, परंतु तेथील टाक्यांत पावसाचे साठवलेले पाणी हा त्या कुटुंबाचा वर्षभराचा ठेवा असतो. त्यावर सहलीचा हिशेब बेतणे मला तरी शोभत नाही.

पंक्चरविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडचे सराटे तेथेही आहेत, आणि जोडीला विलायती बाभळीचे काटे. शक्यतो सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) भरलेले ट्यूबलेस टायर घ्यावेत. ट्यूब असल्यास माणशी दोन जादा. वाळूसाठी हवा कमी केली असेल तर खडकाळ वाट लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी, अन्यथा रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते.

काही बंधने मात्र वाटाघाटीची नाहीत. जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांत पसरलेल्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात माळढोक पक्ष्यांचा जगातील एक शेवटचा आसरा आहे. हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडे घालतो, त्यामुळे गवताळ पट्ट्यातून काढलेली नवी वाट त्याच्या जिवावर बेतू शकते. आपल्या वरोरा-भद्रावती भागातून हा पक्षी कसा दिसेनासा होत गेला, हे पाहिलेल्या विदर्भवासीयांना अधिक सांगायला नको. सीमेलगतच्या पट्ट्यात परवानगीशिवाय फिरता येत नाही. मोबाइलला रेंज नाही म्हणून परदेशातून मागवलेले उपग्रह-संदेश यंत्र कोणी सोबत घेणार असेल, तर सरकारी परवान्याविना ते बाळगणेही आपल्या देशात बेकायदा आहे. त्यापेक्षा आपण कोणत्या वाटेने जात आहोत आणि किती वाजता परतणार आहोत, हे मुक्कामाच्या ठिकाणी लिहून ठेवणे आणि जीप कोठपर्यंत येऊ शकते हे आदल्या दिवशी पाहून येणे अधिक उपयोगाचे आहे.

आयोजक मंडळांना माझी विनंती आहे की, शुल्क घेण्यापूर्वी त्यांनी रोजच्या मार्गात डांबर, मुरूम आणि वाळू किती किलोमीटर आहे, सावली व पाणी कोठे आहे आणि कोणत्या ठिकाणापर्यंत वाहन पोहोचते, हे लेखी द्यावे. ‘मार्ग सोपा आहे’ एवढ्यावर कोणी पैसे भरू नयेत. निघण्याच्या महिनाभर आधी एखाद्या रविवारी सर्वांना कन्हान नदीच्या कोरड्या पात्रात नेऊन अर्धा तास वाळूत सायकल चालवायला लावावी: हलका गिअर, वजन थोडे मागे, हॅंडलवरची पकड सैल आणि पुढचा ब्रेक वर्ज्य. त्या अर्ध्या तासाने जो वैतागेल, त्याच्यासाठी जैसलमेरला कुलधरा हे ओसाड गाव आणि खाभा किल्ला यांच्याकडे जाणारा डांबरी रस्ता आहेच. त्याचे नाव मात्र यादीतून वगळू नये.

आपला विश्वासू,
एक सायकलस्वार वाचक
धरमपेठ, नागपूर