टाकी रिकामी, पडद्यावर ६२ टक्के : कनेक्टरची मांडणी लेखी घ्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सात इमारतींच्या संकुलात गेल्या मे महिन्यात एका सकाळी सव्वासहा वाजता 'सी' इमारतीचे नळ कोरडे पडले. त्या इमारतीच्या गच्चीवरील टाकीत ६२ टक्के पाणी असल्याचे पंपघरातील पडद्यावर आदल्या संध्याकाळी सातपासून दिसत होते, आणि टाकी तळाला गेल्यावरही तोच आकडा दिसत राहिला. समितीने पंप सांभाळणाऱ्या काकांना जाब विचारला. नंतर जिन्यात भेटल्यावर ते मला म्हणाले, "ताई, पडद्यावर बासष्ट टक्के आहे म्हटल्यावर मी मोटर कशाला लावू? आधी मी रोज दोनदा वर जाऊन झाकण उघडून बघत होतो. आता जायची गरज नाही, असं तुम्हीच सांगितलंत." त्यांचे म्हणणे खरे होते. टाकीतील पातळी मोजणारे सेन्सर बसवण्याचा आग्रह समितीत मीच धरला होता, आणि त्या सकाळी काकांना ऐकावे लागलेले शब्द मला अजून लागतात.

हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच नाही. मी अकरा वर्षे नवी मुंबईत महापे येथे नोकरी करते आणि माझे रोजचे काम हेच आहे : संदेशांचे ब्रोकर आणि काफ्कासारखे स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्म यांना जोडणारे कनेक्टर बसवणे व त्यांची मांडणी, म्हणजे कॉन्फिगरेशन, करणे. त्यामुळे आमच्या संकुलात जे घडले ते 'सर्व्हर डाऊन' किंवा 'नेट नव्हते' या नेहमीच्या उत्तरात मिटवता येणार नाही, हे मला दिसत होते. सर्व्हर चालू होता, नेट चालू होते, सेन्सरही दर मिनिटाला आकडा पाठवत होता. बंद पडला होता तो मधला दुवा, आणि तो बंद पडल्याचे कोणालाही कळू नये अशी त्याची मांडणी झालेली होती.

टाकीतला सेन्सर पाण्याची पातळी एमक्यूटीटी या पद्धतीने ब्रोकरकडे पाठवतो. ही पद्धत अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांची माहिती उपग्रहामार्फत आणण्यासाठी तयार केली. जेथे संपर्क तुटक आणि महाग असतो तेथे ती आजही उत्तम चालते. ब्रोकर म्हणजे टपाल वाटणारे कार्यालय : संदेश घ्यायचा, ज्याने मागितला आहे त्याला द्यायचा आणि मोकळे व्हायचे. पडदा ज्यातून आकडे वाचतो तो काफ्का मात्र रोजनाम्यासारखा आहे. त्यात नोंदीखाली नोंद होते, कोणी वाचली म्हणून ती पुसली जात नाही, आणि मुद्दाम बदल केला नाही तर ती सात दिवस राहते. लिंक्डइनमध्ये तयार झालेला काफ्का २०११ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि २०१५ मध्ये त्याला 'काफ्का कनेक्ट' हा भाग जोडला गेला, तो नेमका अशी टपालातली पत्रे रोजनाम्यात उतरवून घेण्यासाठी. या कामाला बहुधा प्रोग्राम लिहावा लागत नाही. वीस-तीस ओळींची सेटिंग भरली की कनेक्टर सुरू होतो, आणि आकडे पडद्यावर हलताना दिसले की काम झाले असे सर्वांना वाटते. याच सोपेपणामुळे हे काम सर्वांत नवख्या मुलाकडे, हस्तांतराच्या आदल्या दिवशी, सोपवले जाते.

आमच्याकडे काय झाले ते मी पुरवठादाराच्या तंत्रज्ञासोबत बसून लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या नोंदींत, पाहिले. त्या संध्याकाळी 'सी' इमारतीचा बिघडलेला सेन्सर बदलण्यात आला होता. नवा सेन्सर सुरू झाल्यावर त्याचे माप स्थिर होईपर्यंत तो आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा पाठवतो. कनेक्टरच्या मांडणीत मात्र येणाऱ्या मजकुराचे लगेच संख्येत रूपांतर करण्याची एक पायरी घातलेली होती. दोन रेघांची संख्या होत नाही, म्हणून ती पायरी चुकली. चूक आल्यावर काय करायचे हे ठरवणारी 'एरर्स टॉलरन्स' ही सेटिंग मुळात 'नन' असते, म्हणजे एकही चूक खपवून घ्यायची नाही आणि थांबायचे. त्याप्रमाणे कनेक्टरच्या आतला टास्क, म्हणजे प्रत्यक्ष संदेश वाहणारा भाग, थांबला. असा थांबलेला टास्क आपण होऊन पुन्हा उठत नाही, कोणीतरी तो रिस्टार्ट करावा लागतो. आणि सातही इमारतींचे संदेश त्या एकाच टास्कमधून येत असल्याने सातही टाक्यांचे आकडे रात्रभर गोठलेले होते. इतर सहा टाक्यांत पुरेसे पाणी होते म्हणून ते लक्षात आले नाही, इतकेच.

मग पुरवठादाराला सूचना का गेली नाही? याचे उत्तर या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. कनेक्टरची स्थिती विचारली असता दोन उत्तरे मिळतात, एक कनेक्टरचे आणि दुसरे त्याच्या आतल्या प्रत्येक टास्कचे. टास्क 'फेल्ड' झालेला असतानाही कनेक्टर स्वतः 'रनिंग' दाखवत राहू शकतो. पुरवठादाराची इशारा देणारी यंत्रणा फक्त पहिले उत्तर वाचत होती. त्यामुळे रात्रभर त्यांच्या कार्यालयात हिरवा दिवा होता आणि आमच्या पंपघरात ६२ टक्के.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुचवलेला उपाय मला त्याहून चिंतेचा वाटला. 'टॉलरन्स "ऑल" करतो, म्हणजे पुन्हा बंद पडणार नाही,' असे ते म्हणाले. बंद पडणार नाही हे खरे, पण तसे केल्यास ज्या संदेशात चूक आहे तो गुपचूप टाकून दिला जातो, आणि चुकांची नोंद लॉगमध्ये करण्याची सेटिंगही मुळात बंदच असते. चुकलेले संदेश वेगळ्या टॉपिकमध्ये, म्हणजे काफ्काच्या वेगळ्या वहीत, बाजूला ठेवण्याची 'डेड लेटर क्यू' ही सोय २०१८ मध्ये काफ्काच्या २.० या आवृत्तीत आली खरी, परंतु ती काफ्कातून माहिती बाहेर नेणाऱ्या सिंक कनेक्टरला आहे. बाहेरून माहिती आत आणणाऱ्या सोर्स कनेक्टरला ती मिळत नाही. म्हणून माझे ठाम मत असे आहे की ब्रोकरकडून आणणाऱ्या कनेक्टरने पाकीट फोडूच नये. संदेश जसा आला तसा, बाइट्सच्या रूपात, टॉपिकमध्ये उतरवावा, आणि त्यातला आकडा वाचण्याचे काम पुढच्या वेगळ्या टप्प्यावर करावे, जेथे चुकलेला संदेश बाजूला काढून पाहता येतो आणि एका सेन्सरच्या दोन रेघांमुळे सहा इमारतींची माहिती अडत नाही. यात एक टप्पा वाढतो, थोडी जागा जास्त लागते, आणि पुरवठादार दराची गोष्ट काढतात. तरीही हा खर्च करावा असे मी म्हणते.

आणखी एक गोष्ट तेव्हा उघड झाली. टास्क रिस्टार्ट केल्यावर रात्रीचे सुमारे बारा तासांचे आकडे परत आलेच नाहीत. सेन्सर आपले संदेश क्यूओएस १ या पातळीने, म्हणजे पोच मिळेपर्यंत, पाठवत होता, परंतु कनेक्टरने ब्रोकरकडे वर्गणी लावताना क्यूओएस ०, म्हणजे पोचेविना, मागितले होते. एमक्यूटीटीमध्ये पाठवणारा आणि घेणारा यांच्या दोन पातळ्यांपैकी खालची लागू होते, त्यामुळे सेन्सरने घेतलेली काळजी वाया गेली. त्यातच 'क्लीन सेशन' चालू होते, म्हणजे कनेक्टर तुटला की त्याच्या नावावर काहीही साठवायचे नाही, असेच ब्रोकरला सांगून ठेवलेले होते. क्यूओएस १, क्लीन सेशन बंद, आणि कनेक्टरला कायमचा एकच क्लायंट आयडी, म्हणजे ब्रोकर त्याला ज्या नावाने ओळखतो ते नाव, एवढे केले असते तर ब्रोकरने आपल्या मर्यादेपर्यंत ते संदेश सांभाळून ठेवले असते. मात्र हा आयडी जपावा लागतो. माझ्याच कामावर एकदा चाचणीच्या कनेक्टरसाठी मूळ मांडणी जशीच्या तशी उचलली गेली आणि आयडी बदलायचा राहिला. एकाच आयडीने दुसरा आला की ब्रोकर पहिल्याला तोडतो, तो पुन्हा जोडला गेला की दुसऱ्याला, आणि आम्ही अर्धा दिवस घणसोलीपर्यंतची केबल तपासण्यात घालवला.

पाण्याच्या पातळीचा आकडा दोनदा आला तरी बिघडत नाही, पण टँकरची नोंद दोनदा आली तर बिघडते. ठाणे शहराला नवी मुंबईच्या मोरब्यासारखे स्वतःचे धरण नाही आणि आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरवाचून चालत नाही. फाटकावर टँकरची नोंद होते ती रॅबिटएमक्यू या ब्रोकरमधून काफ्कात जाते आणि महिनाअखेरीस त्यावरून बिल निघते. रॅबिटएमक्यूमधला संदेश कनेक्टरने पोच दिली की रांगेतून निघून जातो. ही पोच काफ्काने नोंद पक्की केल्यानंतरच द्यायला हवी, कारण आधी दिली आणि मध्येच वीज गेली तर तो टँकर कोणाच्याच हिशेबात राहत नाही. नंतर दिली, तर नोंद झाली पण पोच जाण्याआधी वीज गेली असे होऊ शकते, आणि तोच संदेश पुन्हा येतो. या दोन्हींत दुसरे बरे, हे या व्यवसायातील कोणीही सांगेल, पण मग पुढच्या टप्प्यावर पावतीचा क्रमांक पाहून दुबार नोंद ओळखण्याची व्यवस्था हवीच. आमच्या संकुलाच्या एका बिलात एकाच पावती क्रमांकाचे दोन टँकर धरलेले आढळले. ते पैसे परत मिळाले, कारण आमच्या खजिनदार बाई प्रत्येक पावती वहीत हाताने उतरवतात.

क्रमाबद्दल थोडक्यात : काफ्काचा टॉपिक पार्टिशन नावाच्या भागांत विभागलेला असतो, आणि काफ्का संदेशांचा क्रम राखतो तो एका पार्टिशनच्या आतच. कनेक्टरने टाकीचा क्रमांक 'की', म्हणजे संदेशाची ओळखखूण, म्हणून लावला नाही तर एकाच टाकीचे आकडे वेगवेगळ्या पार्टिशनमध्ये विखुरतात, ४० नंतरचे ३५ आधी वाचले जाते, आणि उतरणारे पाणी चढताना दिसते.

वेळेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सामान्य माणसालाही तपासता येतो. कनेक्टरने सेन्सरची मोजणीची वेळ संदेशासोबत जपली नाही, तर काफ्कात नोंद होताना त्या क्षणाची वेळ लागते. मग साठून राहिलेले तासभरापूर्वीचे आकडे एकदम आले की पडद्यावर 'आत्ताच अद्ययावत' असे झळकते. आमच्या पडद्यावर तर कोणतीच वेळ नव्हती. '६२ टक्के' याच्या शेजारी 'मोजणी संध्याकाळी ७:०२' एवढे जरी लिहिलेले असते, तरी काका पहाटे पाचला गच्चीवर गेले असते.

ठाणे आणि नवी मुंबईत आता अनेक संकुले अशी यंत्रणा घेत आहेत, आणि जलवाहिन्यांवरील मीटर असोत की बसची ठिकाणे, सार्वजनिक सेवांचे आकडेही याच मार्गाने पडद्यावर येतात. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. त्यांच्या वीजपुरवठ्याला पर्याय असतो, थंडाव्याला पर्याय असतो, पण या वीस-तीस ओळी कोणी वाचून पाहत नाही. माझी संकुलांच्या समित्यांना आणि दोन्ही महापालिकांच्या संबंधित विभागांना विनंती आहे की कार्यादेशातच कनेक्टरची संपूर्ण मांडणी लेखी मागावी, आणि जी जी सेटिंग डिफॉल्ट, म्हणजे मुळात होती तशीच, ठेवली असेल ती का ठेवली हे पुरवठादाराकडून त्यात लिहून घ्यावे. पासवर्ड तेवढे त्या कागदातून वगळावेत. ते कनेक्टरच्या मांडणीतही उघडे न ठेवता वेगळ्या फाइलमधून वाचले जावेत, कारण काफ्का कनेक्टला विचारणा करण्याचे ८०८३ क्रमांकाचे दार (पोर्ट) मुळात कुलुपाशिवाय असते आणि आत शिरणाऱ्याला सारी मांडणी वाचता येते.

शेवटचे बिल मंजूर करण्याआधी समितीच्या दोन सदस्यांसमोर कनेक्टर दहा मिनिटे बंद करून पुन्हा सुरू करावा आणि त्या दहा मिनिटांचे दहा आकडे आले की नाही ते मोजावे. मग मुद्दाम एक चुकीचा संदेश पाठवावा आणि इशारा कोणाच्या फोनवर, किती वेळात येतो ते पाहावे. याला एक तासही लागत नाही. आमच्या संकुलात जूनमध्ये ही चाचणी घेतली तेव्हा पहिल्या खेपेस दहापैकी चारच आकडे आले, मांडणी सुधारल्यावर दहाही आले. पंपघराच्या पडद्यावर आता मोजणीची वेळ दिसते आणि आकडा पाच मिनिटांहून जुना झाला की तो लाल होतो. काका तरीही दिवसातून एकदा गच्चीवर जातात, आणि त्यांना कोणी अडवत नाही.

या अटींचा मराठी मसुदा आमच्या समितीने तयार केला असून पुढील वार्षिक करारात तो घालण्याचा ठराव झाला आहे. अन्य संकुलांना तो हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत मागणी कळवावी, आम्ही तो विनामूल्य देऊ.

आपली नम्र,
एक वाचक व संकुल समिती सदस्य,
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)