खो-खोच्या मैदानावरून क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

ऑगस्ट 2024

महोदय,

स. न. वि. वि.

मी धाराशिव जिल्ह्यातला सोयाबीन पिकवणारा शेतकरी. पत्र लिहिण्याचं कारण माझी मुलगी. ती यंदा बारावी झाली. राज्य पातळीपर्यंत खो-खो खेळली आहे आणि तिला क्रीडा प्रशिक्षणाची पदवी करायची आहे. आपण कामात असता याची कल्पना आहे, म्हणून मुद्द्याचंच लिहितो.

जुलैमध्ये तिला घेऊन एका सरकारी क्रीडा कार्यालयात गेलो. विचारलं, पुण्याला व्हायचं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम कधी सुरू होतोय, प्रवेश कुठे घ्यायचा? टेबलामागचे साहेब म्हणाले, "कुठलं विद्यापीठ?" मी विद्यापीठाच्या 2020 च्या कायद्याचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "ते अजून कागदावर आहे. बी.ए. करा, मग बी.पी.एड. करा. तेच असतं ते." एवढं बोलून त्यांनी फोन कानाला लावला.

साहेब, ते तेच नसतं. बी.पी.एड. पदवीनंतर दोन वर्षांचं, शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणारा शिक्षक घडवण्यासाठी. त्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे. पण कवायत घेणं आणि चौदा वर्षांच्या मुलीला स्पर्धेसाठी तयार करणं ही दोन वेगळी कामं आहेत. हा फरक आमच्या घराला फार महागात पडला आहे.

दहावीच्या वर्षी माझी मुलगी पळतीवर होती. खुंटाला वळसा घालताना तिचा गुडघा आतल्या बाजूला वळला. तिथे उभ्या असलेल्या पोरींनी 'कट्' असा आवाज ऐकला. सरांनी स्प्रे मारला, पट्टी बांधली आणि आठवड्याभरात तिला पुन्हा पळायला लावलं. सर वाईट नाहीत. बिनपगारी राबतात, पोरींना स्वतःच्या खिशातून केळी आणतात. पण सुजलेल्या गुडघ्याचं काय करायचं हे त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्यांदा गुडघा वळला तेव्हा लिगामेंट पूर्ण तुटलं आणि आतली गादीही फाटली. सोलापूरला एमआरआय, मग ऑपरेशन. दुभती म्हैस विकली, पतसंस्थेचं कर्ज काढलं. ते कर्ज अजून फिटलेलं नाही आणि सोयाबीनचा भाव आपल्याला ठाऊकच आहे. रात्री ती उशीत तोंड खुपसून रडायची. तिची आई दाराबाहेर बसून ऐकायची. आत जाऊन काय सांगणार होती?

नंतर फिजिओथेरपीला जाताना मुलीने स्वतः वाचायला सुरुवात केली. तिनेच मला सांगितलं की हे लिगामेंट मुलांपेक्षा मुलींचं जास्त तुटतं, काही खेळांत दुपटीहून जास्त. फुटबॉलवाल्यांनी '11+' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप बसवला आहे. तो नियमाने केला तर दुखापती तिसऱ्या हिश्श्याने तरी कमी होतात. त्यात धावण्याचे, ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम असतात, उडी मारल्यावर कसं उतरायचं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत कसा ठेवायचा, हे शिकवतात. त्याला ना मशीन लागतं ना निधी, शिकलेला माणूस लागतो. आमच्या पोरी सराव मातीवर करतात आणि स्पर्धा मॅटवर खेळतात. मातीवर पाय सरकतो, मॅटवर बूट धरून ठेवतो, मग सगळा पीळ गुडघ्यावर येतो. हे माझी अठरा वर्षांची मुलगी सांगते. आम्हाला हे आधी कोणी का सांगितलं नाही?

तिला हेच काम करायचं आहे. खेळाडू म्हणून तिचं संपलं, ते तिने मान्य केलं आहे. आता गावच्या पोरींचे गुडघे वाचवायचे असं तिच्या मनाने घेतलंय. त्यासाठी तिला शिकायचंय कुठे, तेवढं सांगा.

2020 च्या डिसेंबरात विधिमंडळाने आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. क्रीडा विज्ञान, क्रीडा तंत्रज्ञान आणि क्रीडा प्रशिक्षण असे तीन अभ्यासक्रम सुरू करू असं तेव्हा सांगितलं. मी ते कात्रण जपून ठेवलंय. त्याआधी हेच विद्यापीठ औरंगाबादला होणार म्हणून आमच्या मराठवाड्याला सांगितलं होतं. मग ते पुण्याला, बालेवाडीला नेलं. आम्ही चरफडलो आणि गप्प बसलो. म्हटलं, पुणे तर पुणे, पण होऊ द्या. औरंगाबादची घोषणा फडणवीसांच्या काळातली, कायदा ठाकऱ्यांच्या काळातला, आता शिंद्यांचं सरकार. प्रत्येकाने आपापला फोटो काढून घेतला.

बारावीनंतर थेट प्रशिक्षणाची पदवी द्यायची सोय तामिळनाडूच्या क्रीडा विद्यापीठात आहे. गुजरातने 2011 मध्येच क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. केंद्राचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ 2018 च्या कायद्याने मणिपूरला झालं, तिथे क्रीडा प्रशिक्षणाची बी.एस्सी. आहे. धाराशिवहून इंफाळ सुमारे 3000 किलोमीटर. मे 2023 पासून तिथे जो हिंसाचार चाललाय तो सगळ्या देशाने पाहिला. सांगा, कोणता बाप गुडघ्यात स्क्रू असलेली अठरा वर्षांची पोर तिथे पाठवेल? पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून प्रशिक्षक घडवते, पण तिचा डिप्लोमा पदवीनंतरचा. म्हणजे ज्या विषयाशी देणंघेणं नाही त्या विषयात आधी तीन वर्षं घालवा. मुंबई आणि पुणे ज्या राज्यात आहेत, त्या राज्यातली मुलगी हे शिकायला परप्रांतात जाणार?

1 ऑगस्टला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत पदक मिळवलं. आमच्या घरात सगळे टीव्हीसमोर उभे होते. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या पोराला वैयक्तिक ऑलिंपिक पदक! त्याच दिवशी एक कोटी जाहीर झाले. द्या, आणखी द्या, त्याचा हक्कच आहे. पण कांबळवाडीचं हे पोर 2009 मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलं, तिथे शिकवणारी माणसं भेटली, पुढे दीपाली देशपांडेंसारख्या मार्गदर्शक भेटल्या, तेव्हा हा दिवस दिसला. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले होते. तेव्हा सरकार कमी पडलं आणि एका मास्तराने निभावलं. आजही तेच चाललंय. पदक आलं की तुम्ही विमानतळावर हार घेऊन उभे. पदक येण्याआधीच्या पंधरा वर्षांत कुठे असता?

17 ऑगस्टला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात लाडकी बहीण योजनेचा सोहळा झाला. आमच्या घरीही पैसे आले, आम्ही घेतले, तिच्या आईने त्यातून आधी पतसंस्थेचा हप्ता भरला. पण टीव्हीवर तो मंडप, त्या रांगा, ती भाषणं बघताना माझं डोकं फिरलं. ज्या जागेवर माझ्या मुलीचं विद्यापीठ व्हायचं होतं, तिथे तिच्या आईला महिना दीड हजार मिळाल्याचा उत्सव चालला होता. आईला पैसे आणि लेकीला शाळाच नाही, हा कुठला हिशेब?

आणि नुसती आपल्या खात्याची गोष्ट नाही. तालुक्याला क्रीडा संकुल बांधायला पैसा मिळतो, कारण बांधकामात ठेकेदार असतो. आत शिकवणाऱ्या माणसाला तुटपुंजं मानधन, तेही वेळेवर नाही, कारण त्यात कोणालाच काही सुटत नाही. नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तर ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं घेऊन लोक आत शिरले. खरं खेळलेली पोरं लिगामेंट तुटून घरी बसली आहेत. या व्यवस्थेला मैदान दिसतं, इमारत दिसते, कोनशिला दिसते, पोरगी दिसत नाही.

धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. तिच्या जिल्ह्यातल्या पोरींना कोण शिकवणार आहे?

साहेब, मला तीन गोष्टी हव्यात. प्रशिक्षणाची पदवी कोणत्या वर्षाच्या कोणत्या महिन्यात सुरू होणार, ते सांगा. तिचं एक केंद्र मराठवाड्यात द्या. आणि ही पदवी घेतलेल्या मुलांना सरकारी भरतीत प्रशिक्षक म्हणून ग्राह्य धरू, असा शासन निर्णय आधी काढा. नाहीतर चार वर्षांनी पुन्हा कुठल्यातरी टेबलामागून कोणीतरी म्हणेल, "कुठली पदवी?"

मुलीने सध्या बी.ए.ला नाव घातलंय, वर्ष वाया जाऊ नये म्हणून. मन लागत नाही. संध्याकाळी मैदानावर जाते, लहान पोरींना रांगेत उभं करून दोन्ही पायांवर हलकं उतरायला शिकवते. आपण प्रवेश सुरू केलात तर ती बी.ए. सोडून पहिल्या दिवशी दारात उभी असेल.

उत्तर द्यायचं झालं तर लेखी द्या, तारीख घालून. "विचाराधीन आहे" असं लिहिणार असाल, तर पोस्टाचा खर्च करू नका.

आपला,
धाराशिव जिल्ह्यातील एक शेतकरी